आराखड्यावर आठच खुणा

विज्ञान संग्रहालयात नवा माणूस रुजू झाला की पहिल्या आठवड्यात त्याची एक फजिती ठरलेली. तो तळघरातल्या कार्यशाळेच्या दारात येऊन विचारायचा, "गोळे मॅडम आहेत का?" मग कुणीतरी हसू दाबत त्याला बाजूला घेऊन सांगायचं, की अरे बाबा, गोळे हे त्यांचं आडनाव नाही, तो त्यांचा धंदा आहे.

गोळेबाई संग्रहालयासाठी प्रतिकृती बनवायच्या. माणसाचं काळीज, ज्वालामुखीचा उभा छेद, मधमाशीचा डोळा, काय हवं ते. पण नाव पडलं ते ग्रहांच्या गोळ्यांवरून. सव्वीस वर्षांपूर्वी त्या इथे लागल्या तेव्हा ग्रहदालनातले जुने नऊ गोळे धुऊनपुसून, तडे बुजवून पुन्हा रंगवणं हे त्यांचं पहिलं काम होतं. ते त्यांनी इतकं जीव ओतून केलं, की पुढे इमारतीत कुठेही काही गोल बिघडलं, अगदी जिन्याच्या कठड्यावरचा लाकडी लट्टू निखळला, तरी लोक त्यांनाच हाक मारू लागले.

त्याच महिन्यात आणखी एक जण नोकरीला लागला होता. घुमटाच्या थिएटरात तारे दाखवत बोलणारा निवेदक. बोलणं असं, की वर्गातली द्वाड पोरंसुद्धा तोंडाचा आ करून ऐकत राहायची. पुढे तो उपसंचालक झाला, मग संचालक. पण दर गुरुवारी दुपारी डबा घेऊन जिना उतरायचा, रंगाच्या डब्यांमधून जागा करून बसायचं आणि गोळेबाईंशी वाद घालत जेवायचं, हा नेम काही सुटला नाही. चारचौघांत बाई त्यांना सर म्हणत. कार्यशाळेचं दार लोटलं की अरे-तुरे. ते बाईंना नुसतं 'गोळे' म्हणत. बाईंची धाकटी बहीण इस्पितळात नर्स होती, दोघी एकत्रच राहायच्या. ती म्हणायची, "ताई, तू लग्न केलं असतंस तरी नवरा इतक्या नेमाने जेवायला आला नसता."

गुरुवारचा वाद बहुतेक वेळा एकाच विषयावर यायचा: प्लुटो ग्रह आहे की नाही.

दोघं नोकरीत मुरल्यावर कधीतरी जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या एका परिषदेत, हजर होते तेवढ्यांनी मतदान करून ग्रहाची व्याख्या ठरवली होती. तीन अटी. सूर्याभोवती फिरायला हवा. स्वतःच्या वजनाने दाबून गोल झालेला हवा. आणि आपल्या वाटेवरचा परिसर त्याने साफ केलेला हवा, म्हणजे तिथे त्याच्या तोलाचं दुसरं काही उरलेलं नको. प्लुटो पहिल्या दोन अटींत पास आणि तिसरीत नापास झाला, कारण त्याच्या वाटेवर बर्फाळ गोट्यांची ही गर्दी. त्याला 'बटुग्रह' म्हणायचं ठरलं. नवाचे आठ झाले.

त्या दिवशी निवेदक तावातावाने कार्यशाळेत आला होता. "ग्रह आहे की झाडूवाला?" त्याने विचारलं होतं. "वाट झाडली नाही म्हणून नाव काढून घेतात? उद्या आपली पृथ्वी उचलून तिकडे लांब नेऊन ठेव, तिलाही तिथली वाट साफ करता यायची नाही. मग तिलाही काढणार का?" बाईंना हे इतकं आवडलं होतं, की पुढे कित्येक वर्षं त्या ते वाक्य जसंच्या तसं सगळ्यांना ऐकवायच्या. संग्रहालयातले नऊ गोळे नऊच राहिले. कुणी विचारलं तर निवेदक म्हणायचा, आमच्याकडे अजून कुणी मतदान घेतलेलं नाही.

मग ग्रहदालन नव्याने बांधायचं ठरलं. जुने गोळे मापात नव्हते, बुध आणि पृथ्वी जवळजवळ सारखेच दिसायचे. आता सगळं एका मापात होणार होतं. पाच कोटी पटीने लहान. या मापात गुरू दारातून आत येणार नाही एवढा, पृथ्वी बास्केटबॉलएवढी आणि प्लुटो लिंबाएवढा. सल्ल्यासाठी बाहेरच्या तीन खगोलशास्त्रज्ञांची समिती नेमली गेली आणि समितीला आठच गोळे हवे आहेत, अशी कुजबुज पहिल्याच महिन्यात तळघरापर्यंत पोचली.

पुढच्या गुरुवारी बाईंनी डबा उघडण्याआधीच विषय काढला. "आठ की नऊ, ते आत्ता सांग. मागाहून मला खेळवू नकोस."

"नऊ," संचालक म्हणाले. "समिती सल्ला देते. ठरवतो मी. माझा शब्द आहे."

"लेखी देतोस?"

"गोळे, एवढ्या वर्षांनी तू माझ्याकडे लेखी मागणार?"

बाई ओशाळल्या. त्यांनी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाजी त्यांच्या झाकणात वाढली आणि विषय संपला.

कामाला सुरुवात झाली. गुरूचे फायबरग्लासचे दोन अर्धगोल साच्यातून काढून दालनातच जोडायला नऊ दिवस लागले. सांध्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती वाळली की पॉलिश पेपरने घासायची, हात फिरवून बघायचं, पुन्हा भरायची. बाईंचा उजवा खांदा त्या महिन्यात कामातून गेला. शनीची कडी तर त्यांनी तीनदा मोडून पुन्हा केली, कारण ती ताटासारखी दिसत होती आणि त्यांना ती धुरासारखी हवी होती.

नववा गोळा त्यांनी सगळ्यांत शेवटी घेतला. जुन्या दालनातला प्लुटो म्हणजे नुसता राखाडी लाडू होता, कारण तेव्हा त्याचा चेहरा कुणी पाहिलाच नव्हता. आता यान त्याच्या जवळून जाऊन आलं होतं आणि छायाचित्रं आली होती. फिकट, गुळगुळीत पसरलेलं एक मैदान, त्याच्या कडेला बर्फाचे डोंगर, बाजूला वाळलेल्या रक्ताच्या रंगाचे पट्टे. बाईंनी लेथवर लाकडाचा गोळा काढला, त्याला अस्तराचे तीन हात दिले आणि डोळ्याला भिंग लावून बारीक कुंचल्याने रंगवायला बसल्या.

"लिंबाएवढ्या गोळ्यावर तीन आठवडे?" बहीण म्हणाली.

"गुरूला पट्टे ओढले की झालं. याचं तोंड आपल्या हयातीत पहिल्यांदा दिसलंय. निदान नाकीडोळी नीट काढू दे."

याच दिवसांतल्या एका गुरुवारी बाई मनातलं बोलून गेल्या. गोळा हातात फिरवत म्हणाल्या, "एक सांगू? पण हे बाहेर बोलायचं नाही. गोल झाला की ग्रह, हे आपलं म्हणणं. मग प्लुटोसारखेच गोल असलेले सेरेस, एरिस आले, अजून पंचवीस-तीस सापडतील. मी किती गोळे करत बसू? पोरांच्या किती लक्षात राहणार? कधीकधी वाटतं, आपलीच बाजू लंगडी आहे."

संचालक सावकाश चावत होते. "मग तरी नऊच का?"

"कारण मोजायला सोपं जातं म्हणून कुणाला बाहेर काढायचं नसतं. तीस असतील तर तीस. आपण लक्षात ठेवायला कमी पडतो, हा त्यांचा दोष नाही."

"छान बोललीस," ते म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं.

गावात तोवर बातमी पसरली होती. एका शाळेच्या भूगोलाच्या बाईंनी नऊ गोळे ठेवा म्हणून मुलांच्या आणि पालकांच्या दोनशे बारा सह्या गोळा केल्या. वर्तमानपत्रात दोन पत्रं छापून आली. शेवटी एका शनिवारी दुपारी संग्रहालयाने सभागृहात जाहीर चर्चा ठेवली. एक निवृत्त पोस्टमन उठून म्हणाले, "मी नऊ पाठ केले, माझ्या मुलाने नऊ केले. आता नातीला काय सांगू, की एक पत्ता चुकीचा होता?" सगळे हसले. समितीतली एक तरुण संशोधिका आठच्या बाजूने बोलली आणि चांगलं बोलली. ती म्हणाली, पूर्वी सेरेसलाही ग्रह म्हणत होते. मग तशाच आणखी पुष्कळ वस्तू सापडल्या, तेव्हा लोकांनी यादी बदलली आणि त्यात कुणाचा अपमान झाला नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मग सगळ्यांनी संचालकांकडे पाहिलं. संचालक माइक हातात घेऊन म्हणाले, "मी काय बोलू? आमच्या गोळेबाईंनाच विचारा. त्यांच्याइतकं जवळून ग्रह कुणी हाताळलेत?"

बाईंना असं बोलायची सवय नव्हती. माइक तोंडाशी फार जवळ धरून त्या म्हणाल्या, "नववा गोळा माझ्या टेबलावर तयार होतोय. संचालकांनी मला तसा शब्द दिलाय. एवढंच मला सांगता येईल."

भूगोलाच्या बाई उभ्या राहिल्या. सह्यांच्या कागदांची गुंडाळी त्यांनी पुन्हा पिशवीत घातली. "तुम्ही म्हणताय तर मग याची गरज नाही," त्या म्हणाल्या. संचालकांनी टाळी वाजवायला सुरुवात केली आणि सगळं सभागृह त्यात मिसळलं.

उद्घाटनाला आठ दिवस उरले तेव्हा गोळे टांगायचं काम सुरू झालं. छतापर्यंत बांबूंची परांची बांधली होती आणि तिच्यावर संग्रहालयाचा जोडारी, म्हणजे फिटर, चढला होता. तो मितभाषी माणूस होता, तोंडात नेहमी एखादा स्क्रू धरून बोलायचा. दोन दिवसांत आठ गोळे वर गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मऊ फडक्यात गुंडाळलेला नववा गोळा आणला. जोडारी खाली उतरला, तोंडातला स्क्रू काढला आणि म्हणाला, "बाई, याला हूक कुठाय?"

"वर असेल की. नेपच्यूनच्या पलीकडे."

"वर काही नाही."

"मग आराखड्यात बघा, राहिला असेल."

त्याने खिशातून आराखडा काढून एका रिकाम्या खोक्यावर पसरला. छताच्या लोखंडी पट्ट्यांवर लाल खुणा होत्या. बाईंनी बोट ठेवून मोजल्या. आठ. पुन्हा मोजल्या. मग कोपऱ्यातली तारीख पाहिली. ती शनिवारच्या सभेच्या तीन महिने आधीची होती. नवव्या गोळ्याचं लाकूड लेथवर चढवलं, त्याच्याही आधीची. खाली संचालकांची सही.

"हा जुना असेल," बाई म्हणाल्या.

"दुसरा नाहीच, बाई. लोखंडाला भोकं पाडायची म्हणजे मागाहून बदल करता येत नाही. म्हणून सरांनी स्वतः दोनदा तपासून दिला." त्याने फडक्यातल्या गोळ्याकडे पाहिलं. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. नववा तुम्ही कपाटात ठेवायला करताय असं वाटलं मला."

बाई खोक्यावर बसल्या.  डोक्यात हिशोब सुरू झाला, एकामागून एक गुरुवारांचा. तारखेनंतरचे सोळा गुरुवार. त्या प्रत्येक गुरुवारी तो माणूस समोर बसून जेवला होता.

आराखड्याची घडी घालून त्या वर गेल्या. संचालकांच्या खोलीत दोन खुर्च्या, एक झाड आणि भिंतीवर जुन्या ग्रहदालनाचा फोटो होता. संचालक फोनवर होते. बाईंचा चेहरा पाहून त्यांनी फोन ठेवला.

"बस, गोळे."

बाई बसल्या नाहीत. कागद टेबलावर उघडला. "हे खरं आहे?"

त्यांनी चष्मा काढला, कागदाकडे न बघताच म्हणाले, "खरं आहे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू काम अर्ध्यावर टाकून गेली असतीस. शनीची कडी तुझ्याशिवाय कुणी केली असती?"

"आणि सभेत माझ्या हातात माइक दिलास, तो?"

"लोकांचा तुझ्यावर विश्वास आहे," ते म्हणाले. कौतुक केल्यासारखंच म्हणाले.

बाईंनी खुर्चीची पाठ धरली. "आठ तुला केव्हापासून पटलेत?"

"झाली असतील सात-आठ वर्षं." आता त्यांचा आवाज मोकळा झाला होता, जणू कुणीतरी विचारेल याचीच ते वाट पाहत होते. "ती तिसरी अट आहे ना, तिची मी टिंगल करायचो. पण विचार करत गेलो तशी ती पटत गेली. वाट साफ झाली की नाही, यावरून ती वस्तू घडली कशी ते कळतं. आठ मोठे एका जातीचे आहेत, गोळे. बाकी सगळा उरलासुरला चुरा आहे. तूही शांतपणे विचार कर."

"मग दर गुरुवारी माझ्या बाजूने बोलत होतास ते?"

"तुला बरं वाटायचं," ते म्हणाले.

खालच्या आवारात कुणीतरी ट्रक मागे घेत होतं, त्याची शिट्टी वाजत राहिली. 

"हे बघ, सभेनंतर मला त्रास कमी झाला नाही," संचालक म्हणाले. "विश्वस्तांपैकी दोघं नऊच्या बाजूला गेले. मला त्यांना वळवावं लागलं. शेवटी तुझंच म्हणणं सांगितलं, तेव्हा ऐकलं त्यांनी."

"माझं कुठलं म्हणणं?"

"तेच, तीस गोळ्यांचं. पोरांच्या लक्षात राहणार नाहीत, आपलीच बाजू लंगडी आहे, ते. म्हटलं, गोळे करणारी बाई स्वतः असं म्हणते."

बाईंनी आराखड्याची घडी घातली. एकदा, दोनदा, अगदी लहान होईपर्यंत. मग म्हणाल्या, "सर, आपण मला आठच म्हणाला असतात, तरी मी काम केलं असतं. भांडून केलं असतं, पण केलं असतं. हे आपल्याला ठाऊक होतं."

"हे 'आपण' काय काढलंस मधेच, गोळे?"

त्या दार लोटून घेऊन निघून गेल्या.

घरी बहीण नुकतीच ड्यूटीवरून आली होती, पाय पाण्यात सोडून बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "रड तरी, ताई."

"रडू येत नाही गं. लाज वाटते. तो मला फसवेल, हे एक वेळ ठीक. पण त्याने मला हत्यार केलं. त्या शाळेतल्या बाई माझ्याकडे बघून सह्या परत घेऊन गेल्या."

"मग त्यांना जाऊन सांग. उद्घाटनात कळण्याआधी."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत गोळेबाई शाळेत गेल्या. शिक्षकांच्या खोलीत भूगोलाच्या बाई नकाशाच्या वह्या तपासत होत्या. हातात लाल पेन्सिल होती. गोळेबाईंनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, जोडाऱ्याच्या आराखड्यापासून विश्वस्तांच्या बैठकीपर्यंत. स्वतःचं तीस गोळ्यांचं वाक्यही लपवलं नाही.

भूगोलाच्या बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"तुम्ही त्यांच्याबरोबर जेवता असं ऐकलंय."

"जेवत होते."

 विश्वास बसला की नाही, ते भूगोलाच्या बाईंच्या चेहऱ्यावरून कळेना, आणि गोळेबाईंना त्याच क्षणी कळलं, की आता हे आपल्याला कुणालाच सिद्ध करून दाखवता येणार नाही. "त्यांनी सांगितलं असतं तर मी हललेही नसते," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "तुम्ही कामाच्या कपड्यांत आला होतात, हाताला रंग होता. म्हणून ऐकलं. आता मुलांना मी काय सांगू?"

"मला माहीत नाही."

"मी त्यांना उद्घाटनाला आणते. तुम्हीच सांगा." आणि त्यांनी पुढची वही ओढली.

उद्घाटनाच्या सकाळी दालन झकास दिसत होतं. गुरूपुढे माणसं मुंग्यांसारखी वाटत होती आणि शनीची कडी उजेडात खरोखर धुरासारखी लटकली होती. संचालकांचं भाषण नेहमीसारखंच गोड झालं. ते म्हणाले, दीर्घ चर्चेनंतर, सर्वांना विश्वासात घेऊन संग्रहालयाने आठ ग्रह दाखवायचं ठरवलं आहे. मागे कुणीतरी चुकचुकलं. निवृत्त पोस्टमन टोपी हातात घेऊन वर बघत मोजत होते.

भाषणं संपल्यावर पाहुणे चहाकडे वळले. भूगोलाच्या बाईंनी आपली चाळीस मुलं नेपच्यूनखाली उभी केली आणि गोळेबाईंकडे पाहिलं. बाईंनी त्या दिवशीही कामाचाच अंगरखा घातला होता. त्या मुलांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी तुमच्या बाईंना सांगितलं होतं की इथे नऊ गोळे असतील," त्या म्हणाल्या. "ते खोटं निघालं. मी बोलले तेव्हा मला ते खरं वाटत होतं, पण आठ असं आधीच ठरलेलं होतं. म्हणून मी तुमची माफी मागते. आता आठ बरोबर की नऊ, हे वेगळं. मोठमोठी शहाणी माणसं त्यावर अजून भांडतात. आठ म्हणणारी माणसं वाईट नाहीत. त्यांचं म्हणणं ऐका, मग आपलं ठरवा."

पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "मग नववा तुम्ही केलाच नाही का?"

"केलाय."

"कुठाय?"

बाईंनी अंगरख्याच्या खिशातून फडकं काढलं आणि उलगडलं. मुलांची रांग मोडली. गोळा एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागला. "हा पांढरा भाग काय आहे?" "बर्फ." "हे लाल?" "तेही एक प्रकारचं गोठलेलं काहीतरी, नक्की काय ते शोधतायत." एकाने हुंगून पाहिला. चहाचे कप घेतलेले काही पाहुणे जवळ येऊन थांबले, त्यांत दोन विश्वस्त होते. गोळा चाळीस हातांतून फिरून परत आला तेव्हा एका डोंगराचा रंग उडाला होता.

गर्दी पांगल्यावर संचालक जवळ आले. "हे इथे करायची गरज होती का, गोळे?"

"होती, सर."

"मी कुणाचं वाईट केलं नाही. दालन बघ कसं झालंय."

"दालन चांगलं झालंय," बाई म्हणाल्या, आणि ते खोटं नव्हतं.

त्यानंतर विश्वस्तांनी एक बैठक घेतली, संचालकांना काही प्रश्न विचारले आणि ते उत्तरं देऊन मोकळे झाले. त्यांचं काही बिघडलं नाही. पुढच्या गुरुवारी ते डबा घेऊन तळघरात आले. बाई लेथवर होत्या. त्यांनी मशीन बंद केलं नाही. संचालक रंगाच्या डब्यांपाशी थोडा वेळ उभे राहिले, काहीतरी बोललेही, पण त्या आवाजात ते कुणाला ऐकू आलं नाही. मग ते वर गेले. पुन्हा आले नाहीत. बाईंना त्याचं बरं वाटलं असतं तर गोष्ट सोपी होती. पण महिनोन् महिने गुरुवार उजाडला की त्यांची भूक मरायची आणि जुनी सगळी वाक्यं एकेक करून डोक्यात यायची. झाडूवाल्याचा विनोद केला तेव्हा तरी तो खरा होता का? बहुधा होता. मग कुठल्या गुरुवारपासून खोटं सुरू झालं? ती रेघ त्यांना काही केल्या सापडेना, आणि ती सापडत नाही म्हणून मागचं सगळंच नासल्यासारखं झालं.

एका सकाळी कार्यशाळेच्या दारात समितीतली ती तरुण संशोधिका उभी राहिली. "मला तुमच्याशी बोलायचंय," ती म्हणाली. "मी आठच्याच बाजूची आहे. तेव्हाही होते, आत्ताही आहे. पण तुम्हाला यातलं काही माहीत नाही हे आम्हाला माहीत नव्हतं. सभेत तुमचं बोलणं ऐकून चक्रावलोच होतो, पण सर म्हणाले, तुम्हाला सगळी कल्पना आहे."

बाईंनी तिला बसायला स्टूल दिलं. संशोधिकेने प्लुटो मागून घेतला आणि बराच वेळ भिंगातून पाहिला. मग म्हणाली, "याच्या शेजारी बाकीचे चार कराल का? बटुग्रहांचं एक कपाट करू. वरती टांगता येणार नाही, पण डोळ्यांसमोर राहतील."

"आणि पाटीवर काय लिहायचं?"

"तेच भांडायला आलेय मी."

आणि खरंच दोघी भांडल्या. पाच दिवस रोज सकाळी भांडल्या. 'ग्रह नाहीत' हा शब्दप्रयोग बाईंनी खोडला, 'हकालपट्टी' हा संशोधिकेने खोडला. आठची बाजू त्या मुलीने लिहिली, नऊची बाईंनी, आणि खाली दोघींनी मिळून एक ओळ घातली, की हा वाद अजून मिटलेला नाही. एका बटुग्रहाचा आकार अंड्यासारखा होता, त्यावर बाई म्हणाल्या, "हा तर गोलसुद्धा नाही, याच्यासाठी कोण भांडणार?" आणि कित्येक महिन्यांनी मोठ्याने हसल्या. पाटी पाहायला भूगोलाच्या बाईही आल्या. त्यांनी ती दोनदा वाचली, एक शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि मुलांना कधी आणू, ते विचारलं.

दोन वर्षांनी संचालक निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. शेवटच्या दिवशी दुपारी ते तळघरात उतरले. हातात काहीच नव्हतं.

"मला वाटलं होतं, काळ गेला की तू विसरशील," ते म्हणाले.

"आठचं म्हणाल तर मला निम्मंअधिक पटलंय, सर," बाई म्हणाल्या. "त्या मुलीने पटवलं."

त्यांच्या चेहऱ्यावर उजेड आला. "मग?"

"मग काही नाही. ते आपण मला समोर बसून पटवायला हवं होतं. आपल्याकडे आठवड्यातून एक दुपार होती."

संचालक दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले, मग सावकाश जिना चढून गेले. बाईंनी पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत वाट पाहिली. टेबलावर आरोग्यदालनासाठी करायला घेतलेली माणसाची दाढ होती, खुर्चीएवढी. तिचं एक मूळ सकाळपासून तिरकं बसत होतं. बाईंनी करवत उचलली आणि ते मुळापासून कापून काढलं.